दंडाच्या पावत्या कुठल्या पेटीत ठेवायच्या?

(धडगावला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं कविता वाचायच्यात. वही घेऊन निघालो. एसटी घाट चढायला लागली आणि शेजारी बसलेला तुमचा कार्यकर्ता म्हणाला, कविता रात्री वाचा, आधी आमचं कॉम्प्युटरचं भांडण मिटवा. मग भांडण काय ते कळलं. वर्गणी जमलीय. एक मशीन घ्यायचंय. अर्धी पोरं म्हणतात नवा लॅपटॉप घ्या, विंडोज अकरा असलेला, सगळी कामं त्याच्यावरच होतात. अर्धी म्हणतात लिनक्सच पाहिजे, नाहीतर सगळं वाचलं जाईल. एकानं ॲपलचं नाव काढलं होतं म्हणे. त्याला वर्गणीचा आकडा सांगितल्यावर तो गप्प बसला.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल चढवतो-उतरवतो. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात शिकलेलो नाही, कामगारांचे हजेरीपट टाइप करता करता शिकलो. तेव्हा इंजिनिअरसारखं बोलता येणार नाही. पण गोदीत एक शिकवण मिळते. कंटेनर कसला आहे ते नंतर बघायचं. आधी विचारायचं, आत काय आहे? आत काच असेल तर एक हूक, आत ॲसिड असेल तर दुसरा. तुम्ही भांडताय ते कंटेनरच्या रंगावरून. आत काय जाणार ते कुणी बोलतच नाही.

काय जाणार? वनहक्काचे दावे. २००६ चा कायदा आला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं, ग्रामसभेपुढे दावा ठेवायचा. पुरावा काय? म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुने कागद, आणि फॉरेस्टवाल्यांनी फाडलेल्या दंडाच्या पावत्या. काल रात्री एका घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तुळईला बांधून ठेवलेल्या तसल्या पावत्या मी बघितल्या. तुमच्या आज्याला 'अतिक्रमण केलंस' म्हणून दंड केला, त्यानं तो भरला, आणि आज तोच कागद सांगतो की हा माणूस तेव्हा तिथं नांगर धरून होता. गंमत बघा. ज्या कागदानं गुन्हेगार ठरवलं त्याच कागदानं मालक ठरवायचं. पण कागद एकच आहे हे विसरू नका. मंजुरीच्या टेबलावर तो पुरावा असतो, आणि भलत्या टेबलावर गेला तर कबुलीजबाब. कोण कुठं, किती कसतो, कुणी कुणाच्या बाजूनं साक्ष दिली, कुठल्या पाड्यावरची बाई बैठकीत काय बोलली, हे सगळं त्या मशीनमध्ये जाणार. मशीन वर्गणीचं, आपल्या सगळ्यांचं. नावं मात्र त्यांची. फुटलं तर मार त्यांना पडणार, पासवर्ड ठेवणाऱ्या शहाण्याला नाही.

पांढरपेशा माणूस 'प्रायव्हसी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं स्वतःची बेडरूम असते, बँकेचं खातं असतं. त्याचं त्याला लखलाभ. आपल्याकडं ही गोष्ट वहीपासून सुरू होते. वही नेहमी त्यांची, नाव आपलं. १८७१ साली इंग्रजानं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार लिहून टाकल्या. पोलिसपुढं हजेरी, गाव सोडायला परवाना. तो कायदा गेला १९५२ ला, वही गेली का? पारध्याच्या पोराला विचारा. आणि दुसऱ्या बाजूनं, नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा इथल्या गावांना कळलं की यादीत नाव नाही तर माणूसच नाही. मग जमीन कसली आणि पुनर्वसन कसलं? म्हंजे आपल्याला दोन्ही पाहिजे. नाव लागलंही पाहिजे आणि लपलंही पाहिजे. हा घोळ पैसेवाल्याला नसतो.

आणि तुम्ही तर त्या जिल्ह्यातले. इथून खाली उतरलं की शहादा तालुक्यात टेंभली. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार तिथं दिलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, रंजना सोनवणे यांच्या हातात कार्ड दिलं, फोटो देशभर छापून आला. पेपरवाले पुढं अधूनमधून त्या गावी जाऊन बघत राहिले, तर बाईंची मजुरी काही सुटली नव्हती. त्याच आधारच्या भांडणातून २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्क मिळाला. आता नंदुरबारच्या नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जा आणि त्या मशीनचं 'डाउनलोड' उघडून बघा. शे-दोनशे पोरांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं पडलेली असतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला दिली, कुणी पुसली नाहीत. जात सांगावी लागते ती सवलतीसाठी, आणि ती राहते पानाच्या टपरीशेजारच्या हार्डडिस्कमध्ये. नऊ न्यायमूर्तींचा निकाल त्या टपरीपर्यंत अजून यायचाय.

आता ज्याचं नाव सगळे घेतात ते प्रकरण. १७ एप्रिल २०१८ ला भीमा कोरेगाव प्रकरणात छापे पडले. ६ जूनला पाच जणांना अटक. त्यात 'विद्रोही' मासिकाचे संपादक सुधीर ढवळे, वकील सुरेंद्र गडलिंग, प्राध्यापक शोमा सेन, गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणारा महेश राऊत आणि दिल्लीचे रोना विल्सन. विल्सनच्या लॅपटॉपमध्ये पत्रं सापडली असं पोलीस म्हणाले. पुढं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीनं त्या डिस्कची नक्कल तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. तो असं म्हणतो, की १३ जून २०१६ ला वरवरा रावांच्या खात्यावरून आलेली एक फाइल विल्सननी उघडली, आणि तिच्यातून 'नेटवायर' नावाचं सॉफ्टवेअर आत शिरलं. बाजारात विकत मिळणारं. बावीस महिने कुणीतरी आत बसून होतं. पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकली गेली. विल्सननी ती कधी उघडल्याची खूण नाही. लॅपटॉपवर वर्ड २००७ होतं, आणि पत्रं तयार झाली होती २०१० किंवा २०१३ च्या वर्डवर. एनआयएनं हा अहवाल मानला नाही, आणि अहवाल म्हंजे कोर्टाचा निकाल नव्हे, हेही सांगून ठेवतो. ढवळे आणि विल्सन यांना हायकोर्टाचा जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं. फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले.

यातून लिनक्सवाली पोरं म्हणतात, बघा, विंडोज होतं म्हणून झालं. थांबा. नेटवायर विंडोजवर चालायचं तसं मॅकवर आणि लिनक्सवरही चालायचं. मित्राच्या नावानं आलेली फाइल आपल्याच हातानं उघडली की दार आतून उघडलं जातं, मग भिंत कुठल्या कंपनीची याला अर्थ नाही. डिस्कला कुलूप असलं तरी मशीन चालू असताना ते उघडंच असतं. तेव्हा पेंग्विनचं चित्र लावलं आणि निवांत झोपलं, असं होत नाही. हे आधी डोक्यातून काढा, मग लिनक्सची बाजू मी घेतो.

कारण बाजू घ्यायचीच आहे. विंडोज दहाचा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. नुसती सुरक्षेची दुरुस्ती हवी असेल तर वर्षभराची जादा मुदत, झालं. अकराला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. म्हंजे ऑफिसातली धडधाकट मशीनं भंगारात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा, ढीग लागलेत. नवं मशीन घेतलं तर पहिल्यांदा सुरू करतानाच ते इंटरनेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं काढायला लावतं. धडगावात नेट असलं तर असलं. त्या खात्यानं आत गेलात की डिस्कला कुलूप आपोआप लागतं, हे चांगलं, पण कुलपाची जादा किल्ली त्या खात्यात, कंपनीकडं जाऊन बसते. गोदीत आम्ही सीलबंद कंटेनर उतरवतो, सील न तुटलेलं. मालकाकडं दुसरी किल्ली असते, आम्ही ती मोजत नाही. इथं माल तुमचा आहे आणि दुसरी किल्ली तिसऱ्याकडं. मशीन कसं चालतंय याची माहितीही कंपनीकडं जात राहते, ती कमी करता येते, पूर्ण बंद करता येत नाही. 'रिकॉल' नावाचं एक प्रकरण काढलंय, पडद्याचे फोटो काढून साठवणारं. २०२४ मध्ये जाहीर केलं, बोंब झाली, मागं घेतलं, २०२५ मध्ये 'तुमची परवानगी विचारू' म्हणत परत आणलं. ते महागड्या मशीनवर असतं, आपल्याला नको तेवढी काळजी नको.

आपली काळजी वेगळीच आहे. आपण विंडोज विकत घेतो कधी? दुकानदार दोनशे-पाचशे रुपये घेतो आणि टाकून देतो. क्रॅक मारून. मग अपडेट बंद करतो, का तर अपडेट आलं की चोरी पकडली जाते. क्रॅकच्या पोटात काय आलं ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हंजे आपल्यापुढं विंडोज की लिनक्स असा सवालच नाही. सवाल आहे चोरीचं, सडलेलं विंडोज की फुकटचं, ताजं लिनक्स. दोस्तांनो, हे उघड बोला, लाजू नका. आपल्याला चोरीचंच घ्यावं लागेल अशी किंमत त्यांनी ठेवली, आणि शिकवलंही तेच. एमएस-सीआयटी केलेली किती आहेत इथं? हात वर करा. बरीच. त्यातला 'एमएस' म्हंजे महाराष्ट्र स्टेट, पण आमच्या वस्तीतल्या पोरांना तो मायक्रोसॉफ्टच वाटतो, आणि त्यात त्यांची फार चूक आहे असं मला वाटत नाही. तिकडं केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात. सी-डॅकनं 'बॉस' नावाचं लिनक्स २००७ मध्ये काढलं. २०२३ मध्ये संरक्षण खात्यानं स्वतःच्या मशीनवरचं विंडोज काढून 'माया' नावाची, उबुंटूवर बांधलेली सिस्टीम टाकायचं ठरवलं. म्हंजे सरकारला स्वतःच्या कागदांसाठी विंडोज नको. तुमच्या माझ्या कागदांसाठी चालतं.

आता कामाचं बोलू. लिनक्सवर काय अडतं? अंगठा घेणारी यंत्रं, डिजिटल सहीची कांडी, यांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज धरूनच लिहिलेली. ती अडतात. आपलं मासिक जो डीटीपीवाला लावतो त्याचं काम श्रीलिपीत. ती फाइल लिनक्सवर उघडली की अक्षरांचा चिवडा. यावर इलाज एकच, आजपासून सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलक सरकारनंच १९८६ मध्ये ठरवलाय, तो विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, मोबाइलवर आहे. पंधरा दिवस बोटं शिव्या देतात, मग देत नाहीत. बाकी पत्रं, तक्ते, अर्ज, पीडीएफ, हे लिब्रेऑफिसमध्ये होतं. सरकारी पोर्टलं बरीचशी ब्राउझरमध्ये उघडतात.

आणि ज्यांना लपवायची फार हौस आहे त्यांच्यासाठी माझी एक फजिती सांगतो. 'टेल्स' म्हणून एक सिस्टीम आहे, पेनड्राइव्हवरून चालते, बंद केली की मशीनवर मागं काहीच उरत नाही. मला ती भारी वाटली. एका रात्री तिच्यावर बसून अकरा कविता टाइप केल्या. पेनड्राइव्हवर जपून ठेवायची वेगळी जागा आधी करावी लागते, ती मी केली नव्हती. बंद केलं. गेल्या. मशीननं जे सांगितलं होतं तेच केलं, मूर्ख मी. तीन परत आठवल्या, आठ नाही. कविता होत्या म्हणून हसतोय. तुमचे दावे असते तर? ग्रामसभेच्या ठरावावर हरकत असेल तर वर अर्ज करायला साठ दिवस असतात. कुलूप इतकं भारी लावलं की साठाव्या दिवशी आपल्यालाच उघडेना, तर फॉरेस्टवाल्यांना वेगळं काही करावं लागणार नाही. ते घरी बसून चहा पितील.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नवा लॅपटॉप घेऊ नका. तेवढ्या वर्गणीत दोन जुनी मशीनं बसवा. जुनी पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेली, बॅटरी बरी असलेली, कारण लाइट जाते. एकावर विंडोज ठेवा, पण विकत घेतलेलं, ज्याला अजून अपडेट मिळतात असं. ते आपलं ओटीवरचं मशीन. पोर्टल, अंगठा, स्कॉलरशिप, लाडकी बहीणची चौकशी, सगळं तिथं. त्याच्यावर काही साठवायचं नाही. काम झालं की पुसायचं, त्या झेरॉक्सवाल्यासारखं ठेवायचं नाही. दुसरं आतल्या खोलीतलं. त्याच्यावर लिनक्स मिंट टाका, टाकतानाच डिस्कला कुलूप लावायची सोय येते, तिथं टिक करायला विसरू नका, नंतर लावणं फार जिकिरीचं. दावे, जबाब, पावत्यांचे फोटो तिथं. त्याला नेट फक्त अपडेटपुरतं. बाहेरून आलेली फाइल आधी ओटीवर उघडायची, आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं, बाबा तूच पाठवलीस का? एवढा एक फोन २०१६ मध्ये झाला असता तर, असं मनात येतं. पण मागून शहाणपण सांगणं सोपं आहे.

एकच मशीन परवडत असेल तर? मग लिनक्सच, आणि अंगठ्याची कामं सेवा केंद्रावर जाऊन. गैरसोय होईल. सोसा.

नक्कल ठेवण्याबद्दल एक गोष्ट, ती माझ्या धंद्यातली आहे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. मर्स्क ही जहाजांची केवढी कंपनी. ती ठप्प. आमच्याकडं न्हावाशेव्यात तिच्या गटाचं टर्मिनल होतं ते बंद पडलं, बाहेर ट्रक उभे राहिले. विंडोजच्या ज्या भोकातून ते पसरलं ते भोक अमेरिकेच्या गुप्तहेरांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं, ते चोरीला गेलं. मर्स्कनं पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. आणि ते जमलं कशामुळं माहितीय? सगळ्या जगातल्या मुख्य सर्व्हरांच्या नकला एकमेकींना जोडलेल्या, त्या सगळ्या एकदम मेल्या. एक वाचली, आफ्रिकेत घानामध्ये. तिथं त्या वेळी वीज गेली होती. तर लाइट जाते म्हणून नेहमी रडू नका. नक्कल एका बंद डिस्कवर, कुलूप लावून, दुसऱ्या गावी, कशालाही न जोडता ठेवा. महिन्यातून एकदा आणायची, भरायची, परत न्यायची.

जप्ती झालीच तर पंचनाम्यात हॅशचा आकडा लिहून मागा. हॅश म्हंजे त्या डिस्कचा अंगठा. नंतर आत एक अक्षर जरी बदललं तरी आकडा जुळत नाही. नव्या फौजदारी संहितेत १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, तेही मागा. देतील न देतील, मागितल्याचं लिहून ठेवा.

मोबाइलचं विचारू नका, त्यावर बोलायला बसलो तर रात्रीच्या कविता बुडतील. फक्त इतकं, की आतल्या मशीनमधल्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणारा जो कोण असेल त्याच्यासाठी लिनक्स, विंडोज सगळं सारखंच.

एक राहिलं, किल्ली कुणाकडं. सांकेतिक वाक्य दोघांना माहीत पाहिजे, एकाला झालं-गेलं तर दुसऱ्याला उघडता आलं पाहिजे. त्यातली एक बाई असू द्या. काल जिच्या तुळईला ती पिशवी बांधलेली होती तिनं ती चाळीस वर्षं सांभाळलीय, न कुलपाची. तिला वाचता येत नाही म्हणून कुणी हसू नका. वाक्य पाठ करायला वाचता यावं लागत नाही, आणि तिच्या भाषेतलं, पावरीतलं, लांबलचक वाक्य ठेवलंत तर मुंबईच्या कुठल्या हुशार माणसाला ते सुचणारही नाही. नावं तुम्ही ठरवा, माझ्यासमोर ठरवू नका. मी उद्या सकाळच्या एसटीनं खाली उतरतोय, मला माहीत नसलेलं बरं.

जय भीम. जोहार.